सर्पनिवास निवड समितीचे कामकाज

येडगावच्या धरणाकडून ओझरला जाताना आमचं गाव लागतं. नाव सांगत नाही, कारण तिथं मी ग्रामसेवक होतो आणि माझी पेन्शन अजून चालू आहे. २००३ सालच्या मार्च महिन्यात ग्रामसभेपुढं एक गंभीर विषय आला. सरपंचांच्या मुलाच्या सापांना राहायला जागा नव्हती.

सरपंच कुंडलिकराव. त्यांचा सूरज पुण्याला दोन वर्षं कॉलेजात जाऊन, परीक्षेला मात्र न जाता परत आला होता. केबलवर अर्ध्या चड्डीतले गोरे लोक साप गळ्यात घालतात, हे पाहून त्यानं दोन धामणी धरल्या आणि त्यांना शेरा आणि बिजली अशी नावं दिली. आधी टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवल्या, तर त्या भोकांतून निघून सरपंचांच्या अंथरुणात गेल्या. तेव्हापासून हा विषय सार्वजनिक झाला.

साप पाळायला कायद्याची बंदी आहे, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं.

"भाऊसाहेब," सरपंच म्हणाले, "पाळतंय कोन? पावनं आल्यात. पावन्याची सोय करायला बी कायदा आडवा येतोय का राव?"

पाहुण्यांविरुद्ध कायद्यात काही नव्हतं. मी इतिवृत्तात 'सरपटणारे पाहुणे' असं लिहिलं.

तेवढ्यात मागून द्रौपदाबाई उठल्या. त्या अंगणवाडीच्या सेविका. खोली दुरुस्त करा म्हणून त्यांनी चार वर्षांत पाच अर्ज दिले होते आणि पाचही मी व्यवस्थित फाईलला लावले होते.

"दाराची खालची फळी कुजली, भिंतीला घुशींनी भोकं पाडली," बाई म्हणाल्या. "परवा खिचडीच्या तांदळामागनं साप निघाला. एखाद्या लेकराला चावला म्हंजी?"

"बगा की," सरपंच म्हणाले, "तुमच्याकडं साप, आमच्याकडं बी साप. विषय एकच हाय. एकाच समितीत घेऊ."

अशी सर्पनिवास निवड समिती झाली. सरपंच अध्यक्ष, सूरज तज्ज्ञ, मी सचिव, आणि बाई निमंत्रित, म्हणजे चहा झाल्यावर बोलायचं.

सूरजनं पुण्याहून एक पुस्तिका आणली होती. तिच्यात लिहिलं होतं की निवास निदान सापाच्या लांबीइतका असावा. म्हणून साप मोजणं आलं. तलाठ्यांनी टेप लावला, पण बिजली सरळ होईना. शेवटी ती सरळ झाल्यास सात फूट भरेल, असा पंचनामा करून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

मग समितीनं जागा पाहिल्या. शाळेच्या व्हरांड्यात वारा फार. देवळाच्या ओवरीत भजनाचा आवाज. मी ग्रामपंचायतीचं कार्यालय सुचवलं, तर सूरज म्हणाला, "तिथं मानसं येत्यात. सापाला टेन्शन येतं." आमच्या कार्यालयात काम घेऊन आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, हे मी सांगून पाहिलं, पण तज्ज्ञाचं मत अंतिम असतं. नवी इमारत बांधायची ठरली.

सूरज पुढं वाचू लागला. साप उघड्यावर घाबरतो, म्हणून त्याला आडोसा हवा. एक बाजू उबदार हवी. प्यायला स्वच्छ पाणी, दार घट्ट, फरशी रोज पुसलेली. एका खोलीत एकच साप ठेवावा, गर्दीत तो खाणं टाकतो.

"एका खोलीत एकच?" द्रौपदाबाईंनी विचारलं. चहा झालेला होता.

"व्हय. न्हायतर आजारी पडतोय."

"माज्या खोलीत एकतीस हायेत."

मी नोंद केली : 'निमंत्रित सदस्यांनी गर्दीबाबत उपयुक्त आकडेवारी दिली. समिती आभारी आहे.'

खर्च कुठल्या सदरात टाकायचा, हा प्रश्न सरपंचांनी चुटकीसरशी सोडवला. साप कोंडला की मुलांना चावणार नाही. म्हणजे ही बालसंरक्षणाचीच बाब झाली. सबब, अंगणवाडी दुरुस्तीचा निधी वापरावा. मला यात काही खोट दिसली नाही. ठराव मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिला आणि बाईंची सही नव्हती तिथं 'बहुमताने' हा शब्द घातला. या शब्दाची मला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

ज्येष्ठ सरता सरता सर्पनिवास उभा राहिला, अंगणवाडीला खेटूनच. दोन खोल्या, पांढऱ्या फरश्या, समोर काच, कोपऱ्यात उबेचा बल्ब, नळ आणि करंगळी शिरणार नाही असं दार. सरपंचांच्या पत्नी सरूबाई बघून गेल्या आणि म्हणाल्या, "आमच्या मोरीला आजून फरशी न्हाई." बाहेर रंगवलेला फलक लागला : 'सर्पनिवास. काचेवर टकटक करू नये.'

आषाढात पाऊस लागून राहिला आणि एका रविवारी अंगणवाडीची मागची भिंत पडली. सुट्टी होती म्हणून लेकरं वाचली. त्याच दिवशी सूरज कडी लावायला विसरला. शेरा आणि बिजली निघाल्या आणि थेट त्या ढिगाऱ्यात शिरल्या. तिथं आडोसा होता, ओल होती, तांदळामागं आलेले उंदीर होते. समितीला चार महिने जी जागा सापडली नाही, ती त्यांना तासाभरात सापडली. सूरजनं शोध घेतला नाही. तोवर त्याला झिपऱ्या कुत्र्याचा नाद लागला होता.

सोमवारी बाई एकतीस लेकरांना गोणपाटांच्या खोळी घालून माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"आता कुटं बशिवू, भाऊसाहेब?"

"अर्ज करा," मी म्हणालो.

त्यांनी तिथल्या तिथं सहावा अर्ज लिहून दिला. मग त्या गेल्या, सर्पनिवासाचं दार उघडलं, सोळा लेकरं एका खोलीत, पंधरा दुसरीत बसवली आणि आतून दार ओढून घेतलं.

नागपंचमीला बायका दूध-लाह्या घेऊन आल्या. सवयीनं दार किलकिलं करून वाट्या आत सरकवल्या, आणि रिकाम्या वाट्या बाहेर आल्या. साप दूध पितात, हे गावानं प्रथमच डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या आठवड्यात तालुक्याचे साहेब तपासणीला आले. बराच वेळ काचेतून पाहत राहिले.

"रजिस्टरला साप आहेत. ही तर मुलं दिसतात."

सरपंच झिपऱ्या कुत्र्याकडं बघू लागले. साहेबांनी नियम समजावून सांगितला. मुलं लिहिली तर मंजूर कारणाखेरीज वापर झाला. मग वीज तोडावी लागेल, नळ तोडावा लागेल, इमारत रिकामी करावी लागेल. साप लिहिले तर सगळं नियमात बसतं.

"बाई, काय लिहू?"

द्रौपदाबाईंनी पदरानं एका पोराचं नाक पुसलं. "साप लिवा, सायेब. पन नळ तोडू नका."

साहेबांनी लिहिलं : 'साप, नग एकतीस. सर्व बिनविषारी. प्रकृती समाधानकारक.' मी खाली शिक्का मारला. चार वर्षांत त्या लेकरांच्या नावानं झालेलं हे पहिलं काम.

भाद्रपदात ओझरला दर्शनाची गर्दी असते. परतताना पुष्कळ गाड्या फलक वाचून आमच्या गावात थांबत. तुमचीही थांबली होती, मला आठवतं. मी तिथंच खुर्ची टाकून बसलो होतो. तुम्ही फलक वाचलात, तरी काचेवर टकटक केलीत. आतून एकतीस जणांनी तुमच्याकडं पाहिलं, एका पोरीनं हातही हलवला. तुम्ही कोपऱ्यात पाहिलंत, बल्बखाली पाहिलंत, मग गाडीकडं वळून घरच्यांना म्हणालात, "चला, आत काहीच नाही."