फोटोची हजेरी

दोन हजार तेवीस साल, डिसेंबरातला पहिला रविवार. वलगावला हवालदार खुशालराव तायडे यांच्या घरी सकाळी सातलाच नवरा-बायकोची जुंपली होती.

"आज पाच वाजता बंद होते थे मोबाइलवरचं शिक्षण," पायमोजे चढवत खुशालराव म्हणाले. "बारा पाठ हायेत, अर्ध्या अर्ध्या तासाचे. नाई झाले त परीक्षा नाई, अन् परीक्षा नाई त बढती नाई."

"मंग महिनाभर काय केलं तुमी?" माणिकबाईंनी विचारलं.

"काय करतो? मोर्चा, उरूस, दौरा. आजबी मंत्री येऊन राहिला. त्याले सांगू का, थांब बावा, माहे पाठ राह्यले म्हणून?"

खुशालरावांच्या नोकरीचं एकच वर्ष उरलं होतं. पस्तीस वर्षं चाकरी झाली, पण खांद्यावर काही स्टार आला नव्हता. सहायक फौजदार होऊन घरी बसायचं, एवढी एकच इच्छा राहिली होती. तीही आता त्या मोबाइलमध्ये जाऊन बसली होती. पूर्वी पोलिसाला शिकायचं असलं की ट्रंक घेऊन प्रशिक्षण केंद्रात जावं लागे. पहाटे कवायत, दुपारी वर्ग, आणि एका खोलीत आठ खाटा. अकोल्याचा पंजाबराव त्यांना तिथेच शेजारच्या खाटेवर भेटला होता. आता खाट नाही आणि शेजारीही नाही. घरबसल्या शिका म्हणतात, पण पोलिसाला घरी बसू कोण देतं?

पाठ नुसते लावून ठेवून भागत नव्हतं. दर पाच मिनिटांनी मोबाइल समोरच्याचा फोटो काढी. चेहरा दिसला नाही की पाठ पुन्हा पहिल्यापासून. पुण्याला नोकरी करणारी लेक प्रणाली आदल्या दिवशी फोनवर हसत म्हणाली होती, "बाबांचा भिंतीवरचा फोटो ठेव समोर. मशीनला काय कळतंय!"

लेकीने थट्टा केली होती. खुशालरावांनी तिचा आदेश केला. भिंतीवरचा मोठा फोटो त्यांनीच उतरवला. वीस वर्षांच्या सेवेचा, गणवेशातला, काचेच्या चौकटीतला फोटो. त्यात खुशालराव हसत होते. एरवी हा माणूस फोटोत कधी हसला नाही. त्या दिवशी कॅमेऱ्याच्या मागे पंजाबराव उभा राहून वेडेवाकडे तोंड करत होता, म्हणून ते हसू.

"हे खोटं नाई का?" माणिकबाई म्हणाल्या.

"फोटो माहा, नाव माहं, नोकरी माही. खोटं काय त्यात? अन् हे पाय, मंधात फोन आला त कापून टाकजो. नाई त पाठ बंद पडते."

मोबाइल घरीच ठेवून, नुसती काठी घेऊन खुशालराव बंदोबस्ताला गेले.

माणिकबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, पण सूचना पाळण्यात एखाद्या फौजदाराच्या वरताण. मोबाइलवर लिहिलं होतं, 'पार्श्वभूमी पांढरी व स्वच्छ असावी.' त्यांनी स्टुलावर आणि मागच्या भिंतीवर पांढरी चादर लावून फोटो तिच्यावर टेकवला. नऊ वाजता पहिला पाठ सुरू झाला. मोबाइलने फोटोचा फोटो काढला आणि 'हजेरी नोंदवली' असं दाखवलं. माणिकबाईंना हायसं वाटलं.

दहाला लाइन गेली. 'चेहऱ्यावर पुरेसा उजेड असावा' असं मोबाइल लाल अक्षरांत ओरडू लागला. खिडकी उघडावी तर काचेवर चमक येई. माणिकबाईंनी फोटोच्या दोन्ही बाजूंना एकेक मेणबत्ती लावली. तिसरी सूचना होती, 'शिकणाऱ्याखेरीज अन्य आवाज येऊ नये.' म्हणून त्या समोर चटईवर तूर निवडत मुकाट्याने बसल्या. लाइन नसल्यामुळे त्यांचा स्वतःचा फोनही बंद पडला होता.

बसल्या बसल्या त्या पाठ ऐकू लागल्या आणि ऐकता ऐकता गुंतल्या. पाचवा पाठ होता, मृत्यूची बातमी घरच्यांना कशी सांगावी. एक बाई फार मऊ आवाजात सांगत होती. उभ्याने सांगू नये. ऐकणाऱ्याला खाली बसवावं, पाणी द्यावं. आडवळणाने बोलू नये, स्पष्ट सांगावं. ऐकणारा कधी हसतो, कधी खोटं आहे म्हणतो. त्याला वेळ द्यावा आणि पुन्हा सांगावं. दुसऱ्यांदा सांगायला धीर लागतो, पण तेच खरं सांगणं. ऐकून माणिकबाईंचे डोळे भरून आले. आपला नवरा इतकी वर्षं कोणाकोणाच्या दारात असा जाऊन उभा राहिला असेल, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

नेमक्या तेव्हा शेजारच्या भागीरथाबाई विरजण मागायला दारात आल्या. त्यांना दिसली पांढरी चादर. चादरीवर खुशालरावांचा फोटो, दोन्हीकडे मेणबत्त्या, आणि समोर डोळ्यांना पदर लावलेल्या माणिकबाई. मोबाइल हळू आवाजात मृत्यूबद्दल बोलत होता.

"अवं माय! काय झालं वो हे?"

माणिकबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हात हलवून जायची खूण केली. आवाज गेला असता तर पाठ गेला असता. शिवाय ही सगळी लबाडी चार लोकांत सांगणार तरी कशी? भागीरथाबाईंनी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि तोंडावर पदर धरून आल्या पावली परत फिरल्या.

भागीरथाबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. दुःखाच्या घरी माणसं असावीत, एवढंच त्यांना वाटलं. खात्री करायला म्हणून त्यांच्या दिराने खुशालरावांना फोन लावला. माणिकबाईंनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. मग कोणाला शंका राहिली नाही. भागीरथाबाईंची लेक अकोल्याला जठारपेठेत दिलेली, थेट पंजाबरावाच्या गल्लीत. त्यामुळे वलगावची बातमी अर्ध्या वलगावला कळण्याआधी जठारपेठेत पोचली.

पंजाबराव आणि खुशालराव अकरा वर्षं बोलत नव्हते. कारण होती एक ओळ. दोघे मोर्शीकडे एका यात्रेच्या बंदोबस्तावर असताना पंजाबराव दोन तासांसाठी निसटला होता. म्हाताऱ्या आईला रिद्धपूरचं दर्शन घडवायचं होतं. ती फार दिवसांची सोबतीण नव्हती. तेवढ्यात वरचे साहेब आले. डायरी खुशालरावांकडे होती. खोटं कसं लिहायचं म्हणून त्यांनी लिहिलं, 'पो. हवा. पंजाबराव गैरहजर.' पंजाबरावाची बढती अडली, आई महिन्याभरात गेली, आणि त्याने अकोल्याला बदली मागून घेतली. पुढे प्रकृतीचं कारण सांगून तो वेळेआधीच घरी बसला. फोन कोणी करायचा, यावर अकरा वर्षं अडून राहिली.

दुपारी दोनला अकरावा पाठ सुरू झाला तोवर ओसरी भरली होती. विषय होता, अफवा कशी रोखावी. माणसं माना खाली घालून येत, मेणबत्तीपाशी हात जोडत आणि भिंतीला टेकून बसत. माणिकबाई दर माणसाला ओठांवर बोट ठेवून दाखवत, आणि माणसं म्हणत, "बिचारीची वाचाच गेली वो." भागीरथाबाई हार घेऊन आल्या. त्यांनी तो फोटोला घालायला उचलला, तेव्हा माणिकबाईंनी झडप घालून त्यांचा हात धरला. हाराने चेहरा झाकला असता.

"घालू दे माय, मन घट्ट कर," भागीरथाबाई रडत म्हणाल्या.

इतक्यात दारात गाडी थांबली आणि पंजाबराव आत आला. केस पार पांढरे झालेले, हातात अकोल्याहून आणलेला पांढऱ्या शेवंतीचा पुडा. तो सरळ फोटोसमोर मांडी घालून बसला.

"खुशाल्या, लेका, हे हसू माहं हाय रे," तो म्हणाला. "म्याच हसवलं होतं तुले. अकरा वर्सं झाले. तुहा फोन येईन म्हणून वाट पायत होतो. मले काय झालं होतं फोन कराले? हात झडले होते का माहे?"

आता मात्र माणिकबाईंच्याने राहवेना. पाठ जावो की राहो. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "रडू नका. हे ड्यूटीवर हायेत."

"हाव वयनी," पंजाबराव अधिकच हुंदके देत म्हणाला. "तो तठीबी ड्यूटीच करत असंन."

बाहेरून खणखणीत आवाज आला. "बाजूले व्हा! रस्ता सोडा! काहून गर्दी केली?" मंत्र्यांचा दौरा लवकर उरकला होता. स्वतःच्या दारात घोळका पाहून खुशालरावांनी सवयीने काठी आडवी धरली होती. "कोण गेलं?"

"खुशालराव गेले," कोणीतरी पाठमोराच म्हणाला.

"कोणते खुशालराव?"

"आपले. हवालदार."

"कवा?" खुशालरावांनी खिशातून वहीसुद्धा काढली होती. मग सगळ्यांनी वळून पाहिलं. भागीरथाबाईंच्या हातचा हार खाली पडला.

पुढची पाच मिनिटं कोण काय बोललं हे कोणालाच नीट आठवत नाही. माणिकबाईंनी सगळं सांगितलं तेव्हा लोक आधी चिडले आणि मग हसले. पंजाबराव हसला नाही. तो उठून खुशालरावांसमोर उभा राहिला.

"म्हंजे तू घरी नव्हता, तरी हजर होता?"

खुशालरावांनी आडवी काठी खाली केली.

"माह्या मायसाठी मी दोन घंटे गेलो, त तू मले गैरहजर मांडलं. अन् स्वतःच्या स्टारसाठी फोटोले हजर करून राहिला? वा रे हवालदार!"

"चुकलं लेका," खुशालराव म्हणाले. "तवाबी चुकलं अन् आताबी."

पंजाबरावाने शेवंतीचा पुडा खुशालरावांच्या हातात कोंबला. "घे. आणलंच हाय त वाया कायले घालवतं," असं म्हणून तो जो हसायला लागला, तो डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. त्या दुपारी दोघे एका ताटात जेवले. निघताना गाडीत बसून पंजाबराव म्हणाला, "मी मरीन तवा असाच फोटो मांडाले सांगीन. पायतो तू येतं का नाई."

"आधी पक्कं करीन," खुशालराव म्हणाले, "मंगच येईन."

मोबाइलने मात्र कोणाला माफ केलं नाही. पाच वाजता त्यावर उमटलं, 'एकापेक्षा अधिक चेहरे आढळले. हजेरी रद्द.' खाली पुरावा म्हणून त्यानेच टिपलेलं चित्र होतं. फोटोच्या काचेत उमटलेल्या माणिकबाई, त्यांच्या मागे ओळीने अकरा रडके चेहरे, आणि सगळ्यांत एकच हसरा, खुशालरावांचा.

कुठल्याशा साहेबाच्या दयेने शेवटची संधी म्हणून जानेवारीत पुन्हा मुभा मिळाली. या वेळी खुशालरावांनी हक्काच्या रजा टाकल्या आणि स्वतः बसून बाराही पाठ ऐकले. परीक्षाही घरीच, मोबाइलवर होती, एका शनिवारी अकरा ते बारा. आवाजाची अट नव्हती, पण मध्ये उठलं की संपलं. सव्वाअकराला माणिकबाईंच्या फोनवर पंजाबरावाचा मुलगा किशोर बोलला. बाबा सकाळी चहा घेता घेता गेले. बाहेरगावची मंडळी आलेलीच आहेत, दीडला नेणार.

माणिकबाईंना पाचवा पाठ तोंडपाठ होता. नवरा बसलेलाच होता. त्यांनी पाण्याचा पेला आणून त्यांच्याजवळ ठेवला आणि मोबाइलच्या नजरेबाहेर उभं राहून, हळू पण स्पष्ट सांगितलं, "पंजाबराव भाऊजी आज सकाळी वारले."

खुशालराव मोबाइलवरची नजर न काढता हसले. "मांडला का फोटो त्यानं? माही परीक्षा आज हाय हे त्याले परवाच सांगतलं होतं म्या. बदला घेऊन राहिला पंजाब्या."

ऐकणारा कधी हसतो, मग त्याला पुन्हा सांगावं. माणिकबाईंना ते वाक्य आठवलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर घड्याळावर गेली. चाळीस मिनिटं. पस्तीस वर्षांपैकी उरलेली चाळीस मिनिटं. त्या स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

बाराला खुशालराव शंभरात अठ्ठ्याऐंशी गुण घेऊन उठले. तेव्हा माणिकबाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं. दोघे अकोल्याला पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतली होती. पंजाबरावाच्या बायकोने एवढंच विचारलं, "भाऊजी, किशोरनं फोन उशिरा केला का हो?" माणिकबाईंनी मान हलवली. हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही.

फेब्रुवारीत खुशालरावांच्या खांद्यावर स्टार आला. दहा महिने तो त्यांनी लावला, पण तो लावून फोटो काही काढला नाही. निवृत्त होऊन ते आता दारातल्या लिंबाखाली बसतात. भागीरथाबाई हल्ली कोणाच्या मरणाची बातमी सांगण्याआधी 'चेहरा बघून येते' म्हणतात, आणि बघूनही दोनदा विचारतात. प्रणालीने पुन्हा कधी तसली थट्टा केली नाही. किशोर दर दिवाळीला फोन करतो. तो हसरा फोटो भिंतीवर परत लागला आहे.

मागच्या महिन्यात माळा आवरताना माणिकबाईंना खुशालरावांची खिशातली जुनी वही सापडली. शेवटच्या पानावर रकाने आखलेले होते, ठाण्याच्या डायरीत आखतात तसे. तारीख, वेळ दीड, ठिकाण अकोला. पुढे त्यांच्या ठाशीव अक्षरात लिहिलं होतं, 'पंजाबराव यांचे अंत्यविधीस पो. हवा. तायडे गैरहजर.' खाली सही. कारणाचा रकाना कोरा होता.

तिथे काय लिहायचं हे माणिकबाईंना ठाऊक आहे. त्यांनी वही मिटून परत होती तिथे ठेवून दिली.