कोंडाजी वाघचवरे यांणी छातीचे वरचे अंग कमाविले आणि झऱ्याचे दार उघडिले, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस दंडवत घालून आणि जाणत्यांची क्षमा मागून, ऐकिले तैसे लिहिले असे. शके सोळाशे बेचाळीस, शार्वरी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका डोंगरी राज्याचे गडावर वर्तमान जाहले ते ऐसे. गडाचे पोटात बारमाही झरा, वाट एका माणसापुरती, आणि शेवटी तिरपे दगडी दार. दाराचा साखळदंड तुटला आणि दार बसले. छत इतके खाली की उभे राहवेना. उतरत्या कातळास पाठ लावून दार दोहों हातांनी वर रेटावे, तरच उघडेल. सुरुंग लावावा तर झरा बुजेल. आणि गनीम वैशाखात वेढा घालणार ही खबर पक्की, टाकी तोंवर आटणार, मग तीनशे माणसांनी प्यावे काय?

तेव्हां महाराजांनी तालमीतले पहिले मल्ल कोंडाजी वाघचवरे यांस पाठविले. रोज हजार दंड काढणारा गडी, परंतु दार बोटभर हलले आणि पुन्हा बसले. वर आले तो माणसे खाली पाहूं लागली. ते कोंडाजीस फार लागले, आणि तैसेच ते तालमीचे म्हातारे दौलतखां उस्ताद यांजकडे गेले आणि बोलिले, "उस्ताद, माझे बळ गेले कोठे?"

उस्तादांनी छाती चाचपून पाहिली. "बळ कोठे जात नाही, राव. खाली छाती भरली, पण गळ्याच्या हाडाखाली बोट रुतते. दार त्या जागेने उचलायचे आहे."

"पाच महिने आहेत."

"पुरेत. माझे ऐकाल तर."

मग तीन हात फळी घेऊन तिचा माथा दीड हात उंच केला आणि कोंडाजीस तीवर उताणे निजविले, आणि लोखंडी कांबेस दोहों टोकांनी दगडी चकत्या घातल्या. उस्ताद सांगत, पाठीचे खवाटे जवळ ओढून फळीस दाबावे, टाचा भुईत रोवाव्या, कोपरे फार फाकूं नयेत, कांब श्वास घेत सावकाश छातीचे वरल्या भागी आणावी, आपटूं नये, आणि श्वास सोडीत वर न्यावी. चकत्या इतक्या थोड्या की पोरेसोरे हसत. पौषांत कोंडाजीस धीर निघेना. उस्ताद नमाजास गेले असतां त्यांणी चकत्या दुप्पट केल्या, कंबर उचलून झटका दिला, कांब वर गेली, आणि उजव्या खांद्यांत कळ ऐसी निघाली की कांब छातीवर आली. माणसांनी धावून काढिली.

"दुप्पट उचलले, उस्ताद," कोंडाजी कण्हत बोलिले.

"किती उचलले ते वखारीचा हमालही सांगेल. कैसे उचलले ते सांगा."

कोंडाजींनी तीन आठवडे हात गळ्यात बांधला. घरी मन खाई की आपल्या हट्टापायी माणसे तहानेने मरणार. परंतु हात सुटतांच ते पहाटे तालमीत हजर जाहले, आपण होऊन रिकामी कांब घेतली, आणि उस्ताद "हां" म्हणत तोंवर चकती वाढविली नाही. एक दिवस व्यायाम, एक दिवस विसावा, ऐसे फाल्गुन गेला, चैत्र गेला, आणि गळ्याखाली मांस भरून आले.

वैशाखात वेढा पडला. नवव्या दिवशी टाकीत चिखल राहिला. कोंडाजी भुयारात उतरले, मागे टेकू घेऊन पाथरवट. कातळास खवाटे दाबले, टाचा रोविल्या, श्वास सोडीत रेटिले. दार हलले नाही. घाई करावी ऐसे मनांत आले, ते दाबून पुन्हा श्वास घेतला आणि रेटिले, तो दगड करकरला, वीतभर उठला, मग हातभर. "टेकू!" म्हणाले. पाथरवटाचा टेकू दोनदा निसटला, तोंवर कोंडाजींनी दार पेलून धरिले. मग पाणी आले.

गनीम महिनाभर बसून उठून गेला. महाराजांनी सोन्याचे कडे दिधले, ते कोंडाजींनी उस्तादांचे मनगटी घातले. उस्ताद डोळे पुसून बोलिले, "दार धरितां डावे कोपर फाकले असेल. उद्या पहाटे रिकामी कांब घेऊन या."

दुसरे दिवशी पहाटे कोंडाजी तालमीत गेले.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. दाराने माणूस पारखिला, माणसाने रीत पाळिली, तीनशे जीव वाचले. इतके लिहून हात आवरिला असे.