लाल कापडावरचा आळ

शिवणताई खुर्चीवरून उठल्या आणि मालकीणबाई किंचाळल्या, "अगं बाई! गादीवर हे काय?"

पांढऱ्या गादीवर नाण्याएवढा लाल डाग! समोर आणखी एका झग्याचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक, आजूबाजूला तीन शिलाईवाल्या. शिवणताईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "त्या नव्या लाल कापडाचा रंग जातोय वाटतं!"

झालं! गिऱ्हाईकबाईंनी कालच त्या कापडाचा झगा नेला होता. तो तासाभरात परत आला. संध्याकाळपर्यंत आणखी चार आले, सोबत भांडायला चार नणंदा. मालकीणबाईंनी अख्खा तागाच कापडवाल्या काकांकडे परत धाडला.

खरं काय ते शिवणताईंनाच ठाऊक. मागच्या वर्षी त्यांचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. इतक्यात दुसरं नको म्हणून डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. तीन महिने झाले, रक्त कधीही, केव्हाही, न सांगता हजर. आणि दर वेळी तोच दिवस पुन्हा समोर उभा. पिशवीत दोन काळे स्कर्ट घेऊन फिरायच्या बिचाऱ्या, पण नवऱ्यालाही अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले ते तागा, बादली आणि साबण घेऊनच.

"वीस वर्षं कापड विकतोय! माझ्या लालवर आळ? सगळ्यांनी बघा!"

त्यांनी कापड भिजवलं, चोळलं, पिळलं. पाणी नितळ.

"प्या हवं तर!"

कोणी प्यायलं नाही. पण शिवणताई मशीनवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागल्या.

"कापडाचा नव्हता हो तो डाग. माझाच होता."

काकांना आधी काहीच कळलं नाही. मग एकदम कळलं. "मी... बादली ओतून येतो," म्हणाले आणि अर्धा तास ओततच राहिले.

"तीन महिने गप्प बसलीस? मी काय मेले होते?" म्हणत मालकीणबाईंनी शिवणताईंना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी चाचणी केली. दिवस राहिलेले नव्हते. शिवणताईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणूनच पुन्हा रडू आलं.

"गोळ्यांचं पाकीट दाखवा."

शिवणताईंनी पर्समधून पाकिटाचे चार चौकोनी तुकडे काढले, प्रत्येकात एकेक गोळी. "बाकीचे मशीनच्या खणात, स्वयंपाकघरात, उशीखाली. विसरू नये म्हणून कापून जागोजागी ठेवलेत. हाताला येईल ती घेते."

"अहो, त्या सात तपकिरी सगळ्यात शेवटी घ्यायच्या! त्यांत नुसतं लोह असतं, हे औषध नसतं. क्रम मोडला की रक्त जाणारच."

"मला वाटलं, तपकिरी शोभेला असतील."

मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अकरा तऱ्हेचे लाल ओळखतेस, आणि एक तपकिरी कळला नाही?"

नवं पाकीट मिळालं, घ्यायच्या तारखा लिहून. "याच्याजवळ कात्री नेलीस तर बघ!" मालकीणबाईंनी दम दिला.

दुकानात परतल्यावर शिवणताईंनी सगळ्यात खालचा खण वर्षभराने उघडला. आत पिवळं झबलं होतं, बाह्या लावायच्या राहिलेलं. त्यांनी कात्री उचलली, पुन्हा खाली ठेवली. झबल्याची खालची कड शिवून टाकली, बाह्यांची भोकंही बुजवली. झाली पिशवी! पाकीट आत न कापता मावलं.

मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "अगं, पण झबलं..."

"कच्चे टाके घातलेत," शिवणताई म्हणाल्या. "उसवायला सोपे."