मालोजी फितूर होणारच!

ऐतिहासिक कादंबरी मी लिहिणार आणि तिच्यात चूक निघणार? शक्यच नाही! चाकणच्या एका कंपनीत अकरा वर्षं क्वालिटीत काढली आहेत मी. केसाएवढा फरक दिसला तरी अख्खा लॉट परत पाठवतो!

माझा नायक मालोजी, मी भाड्यानं राहतो त्याच निघोज्याचा. संपूर्ण काल्पनिक. नवव्या प्रकरणात तो एकटा इंद्रायणीचा काठ लढवतो आणि धारातीर्थी पडतो. दहाव्यात कळतं, की शत्रूला वाट दाखवणारा फितूर तोच होता! या धक्क्यासाठीच तर कादंबरी लिहायला घेतली. पुण्याचे प्रकाशकही त्यावरच खूश होते.

चूक एवढीच झाली, की दर रविवारी एकेक प्रकरण मी आमचे घरमालक कोंडीरामभाऊ यांना वाचून दाखवलं. नववं ऐकताना ते ओक्साबोक्शी रडले.

"मालोजी आमच्याच घराण्यातला! वळखलं मी!"

"भाऊ, तो मी मनानं रचलाय."

"आमचा खापरपणजोबा तुमी रचला व्हय? तुमी लातूरचे. तुमाला काय ठावं हितलं!"

आठवड्यात चौकात भलामोठा फ्लेक्स! 'वीर मालोजी पुण्यतिथी सोहळा.' पागोट्याखाली चेहरा कोंडीरामभाऊंचा, तारीख माझ्या नवव्या प्रकरणातली आणि कोपऱ्यात माझा फोटो : 'प्रमुख वक्ते, इतिहास अभ्यासक अवधूतराव'!

"शेवट बदल, नाहीतर दुसरं घर बघ," माझी बायको मृदुला म्हणाली.

"घर बदलेन, शेवट बदलणार नाही!" मी गरजलो आणि त्याच दिवशी दहावं प्रकरण प्रकाशकांना पाठवून दिलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. "अहो, काल निघोज्यावरून गेलो. खऱ्या वीरपुरुषाला तुम्ही फितूर ठरवताय?"

"मालोजी नव्हताच हो कधी!"

"नव्हता? मग पुण्यतिथी कुणाची? वर अभ्यासक म्हणून तुमचाच फोटो आहे की!"

कादंबरी साभार परत! दोन वर्षांची मेहनत पाण्यात. माझं डोकंच फिरलं. ठरवलं, आता भर सभेत खरं सांगायचं. गाव काय करायचं ते करो!

सोहळ्याला मी माईक घट्ट पकडला. "मंडळी, मालोजी खरा कोण होता, ते आज सांगणारच!"

टाळ्या! पहिल्या रांगेत कोंडीरामभाऊ. नवा कोरा फेटा, हातात रुमाल आणि डोळे आधीच भरलेले. मी सुरुवात केली.

भाषण दीड तास चाललं. पहिल्या नऊ प्रकरणांवर! इंद्रायणीकाठी मालोजी पडला तेव्हा सगळा मांडव रडला. खोटं कशाला सांगू, कोंडीरामभाऊंचा रुमाल मीही मागून घेतला. असला माणूस होणे नाही!

आणि म्हणे फितूर! कोण म्हणतो? नाव सांगा त्याचं!