त्रेचाळीस दोषांची बोट

डॉक्टर बोट विकायला काढतायत ही बातमी आमच्या घरी आली ती एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला, आणि तीही लेखी. कारण बातमी आणणाऱ्या व्यक्तीचा डावा गाल इंजेक्शनने बधिर झालेला होता. ही, म्हणजे माझी बायको, दाढ भरून घेऊन आली, चपला काढल्या, भाजीच्या यादीचा कागद उलटा केला आणि लिहिलं : "दाताचे डॉक्टर मोटरबोट विकतायत. एक लाख वीस." खाली दोन रेघा मारल्या.

मी त्या दिवशी रजा टाकून गळका नळ दुरुस्त करत होतो. (सकाळपर्यंत तो थोडासाच गळत होता.) मी कागद वाचला आणि म्हटलं, "बघू."

माझं हे "बघू" आमच्या घरात कुप्रसिद्ध आहे. फ्रिज घ्यायचा निघाला तेव्हाही मी "बघू" म्हणालो आणि चौदा महिने बघत राहिलो. मी शेवटी पसंत केलेलं मॉडेल कंपनीने बनवायचंच बंद केलं. दोन उन्हाळे दूध नासलं.

पण यात दोष माझा नाही, नोकरीचा आहे. मी विमा कंपनीच्या मूल्यांकन खात्यात आहे. ठोकलेली मोटार, भिजलेला सोफा, अर्धवट जळालेलं कपाट, अशा वस्तूंची आजची किंमत ठरवायची, हे माझं काम. दरवर्षाचा घसारा कापायचा, एकेक ओरखडा लिहून काढायचा आणि मालकाचा चेहरा पडेपर्यंत आकडा खाली आणायचा. सवय घरापर्यंत सोबत येते. एकदा ही म्हणाली, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली. माझा घसारा किती कापलात?" मी म्हटलं, "तू दुर्मिळ वस्तूंच्या सदरात येतेस." (हे उत्तर सुचायला मला दोन दिवस लागले. तोवर ती विषय विसरली होती.)

बोट तिला हवी होती ती एका शेडसाठी. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तलाव दिसतो आणि तलावापलीकडे लाल पत्र्याची एक शेड दिसते. तिच्या मागे उभा कडा, त्यामुळे रस्त्याने तिथे जाता येत नाही. एकोणीस वर्षं ही भांडी विसळताना त्या शेडकडे बघत होती. "काय असेल हो तिथे?" असं महिन्यातून एकदा तरी विचारायची. मी म्हणायचो, "बघू."

बुधवारी ही पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आली. दाढेत काहीतरी टोचतंय म्हणाली. शनिवारी मी तपासणीला निघालो तेव्हा माझ्याकडे वही, टेप, बॅटरी आणि एक नाणं होतं.

"नाणं कशाला? विसार द्यायला?" हिने विचारलं.

"बोट वाजवून बघायला. टणटण वाजली तर धड. भद्द वाजली तर आत पाणी मुरलंय."

"डोकंही तसंच वाजवून बघतात का हो?"

दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना घराच्या पुढच्या भागात आणि बोट मागच्या अंगणात, ट्रेलरवर. मी बोटीखाली आडवा झालो आणि नाणं वाजवत सरकू लागलो. टण, टण, टण, भद्द.

"इथे!" मी ओरडलो.

डॉक्टर हातातला आरसा घेऊनच धावत आले. दोन बोटांनी जागा दाबून बघत म्हणाले, "दुखतंय?" मग भानावर आले. "सवय हो. पण खरंय तुमचं. कीड आत गेलीय."

पहिल्या शनिवारी अकरा दोष निघाले. दुसऱ्या शनिवारी आठ. आसनाची शिवण उसवलेली, एका स्क्रूचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा, नाकाकडे किंचित डावा कल. (हा कल पुढे ट्रेलरचा निघाला, पण दोष एकदा लिहिला की मी खोडत नाही.) डॉक्टर प्रत्येक दोषाला मान डोलवत होते. असा समंजस विक्रेता मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. चहा दोनदा यायचा.

तिसऱ्या शनिवारी मी मशीन चालू करून दाखवा म्हटलं.

"पिंपात पाणी भरून त्यात पंखा बुडवू," डॉक्टर म्हणाले. "पण हळूच चालवायचं. गिअर टाकायचा नाही."

"डॉक्टर, हळू चालवून मोटारीचेही दोष कळत नाहीत," मी म्हटलं आणि गिअर टाकून दांडा पूर्ण फिरवला.

दोनशे लिटरचं पिंप रिकामं व्हायला किती वेळ लागतो याची नोंद माझ्या वहीत आहे : नऊ सेकंद. त्यातलं निम्मं पाणी माझ्या अंगावर आलं. उरलेलं पाणी घराच्या बाजूने वळून व्हरांड्यात शिरलं, जिथे सुजलेल्या गालांचे पाच रुग्ण नंबर लावून बसले होते. एक आजोबा शर्ट पिळत म्हणाले, "चूळच भरायची होती तर तोंडाने सांगायचं ना, डॉक्टर!"

मी घरी पोचलो तेव्हा बुटांतून पाणी उडत होतं. हिने दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बोट बुडाली?"

"बोट अजून पाण्यातच गेलेली नाही."

"म्हणजे एकटेच गेलात." मग ती दाराला टेकून इतकी हसली की डोळे पुसायला पदर लागला. टॉवेल मात्र मलाच शोधावा लागला.

सहाव्या शनिवारी अहवाल तयार झाला. चौदा पानं, त्रेचाळीस दोष, शेवटच्या पानावर चौकटीत वाजवी किंमत : बासष्ट हजार. हिला घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो. ते चिडणार, पंचाऐंशीवर येणार, मी अडुसष्ट म्हणणार, असं सगळं मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. त्यांनी चौदा पानं शांतपणे वाचली. हिच्याकडे बघितलं. ही जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, नवऱ्याच्या घासाघिशीची लाज वाटतेय.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "बासष्ट."

(माझा जीव कळवळला. पन्नास म्हणायला हवं होतं.)

बोट पाण्यात गेली. पहिल्याच रविवारी आम्ही पलीकडे पोचलो. लाल शेडमध्ये एक मोडकी होडी उपडी पडलेली होती, बाकी काही नाही. माझा हात आपोआप खिशातल्या नाण्याकडे गेला.

"अहो, हिला तरी सोडा," ही म्हणाली. मग होडीवरच बसली आणि तिथून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी शोधत राहिली. "केवढीशी दिसते हो," म्हणाली. एवढंच. पण पुढच्या रविवारी पुन्हा जायचं म्हणाली, आणि त्याच्या पुढच्याही.

तीन उन्हाळे गेलो. ऑफिसात एक लाख वीसची बोट बासष्टमध्ये कशी आणली हे मी सांगितलं नाही असा माणूस उरला नाही. आमच्या शिपायाला तर दोषांची यादी पाठ होती. शिवाय बोट पेट्रोल पीतच नव्हती. मी डबा भरून घ्यायला जावं तर डबा भरलेलाच. या अजब मायलेजवर मी ऑफिसात दोनदा भाषण केलं. ही कधी सोबत असली तर मान डोलवायची.

ही गेली त्याला आता दोन वर्षं होतील.

गेल्या महिन्यात माझी दाढ दुखायला लागली. घरातली दातांची फाइल काढली, त्यात डॉक्टरांच्या अक्षरातली, हिच्या नावाची एक चिठ्ठी होती. ती मी पूर्वीही पाहिली होती. लिहिलेलं लागत नव्हतं म्हणून दाढेचं औषध समजून सोडून दिली होती. दुखणं सारखंच, म्हणजे औषधही चालेल, अशा हिशेबाने मी ती औषधाच्या दुकानात दिली. दुकानदाराने चष्मा वर केला, खाली केला.

"काका, हे आमच्याकडे मिळत नाही."

"का? जुनं औषध आहे?"

"बोट आहे. 'मोटरबोट, एक. पूर्ण रक्कम पोचली. एक लाख वीस हजार.' तारीख, सही."

"दिवसातून किती वेळा?" मी विचारलं. (त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही.)

तारीख घरी येऊन जुन्या डायरीशी ताडून पाहिली. त्या मंगळवारनंतरचा बुधवार.

दाढ काढायच्या आधी मी डॉक्टरांना चिठ्ठी दाखवली. ते खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले.

"त्या दिवशी संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार होतं," ते म्हणाले. "वहिनी दुपारीच आल्या. पडदे शिवून साठवलेले पैसे आणले होते. म्हणाल्या, 'यांनी बघू म्हटलंय, आता बोट हातची गेली.'"

"म्हणजे मी सहा शनिवार..."

"स्वतःचीच बोट तपासत होता."

"आणि माझे बासष्ट?"

"दुसऱ्याच दिवशी वहिनींना परत दिले. म्हटलं, आता तरी सांगा त्यांना. तर म्हणाल्या, 'दर शनिवारी शीळ घालत घरी येतात हो. पंचवीस वर्षांत शीळ येते हेच मला माहीत नव्हतं. राहू द्या.'"

"मग त्या पैशांचं काय केलं तिने?"

डॉक्टरांनी सिरिंज उचलली. "पेट्रोल," म्हणाले. "आ करा."

तोंड आधीच उघडं होतं.

आमच्या खात्याचा नियम असा, की अहवालात चूक निघाली तर आकडा लाल शाईने खोडायचा, शेजारी खरा आकडा लिहायचा आणि सही करायची. चौदा पानी अहवाल मी टेबलावर काढून ठेवला आहे. लाल पेनही आणलं. (तीन दुकानांत भाव विचारून.) शेवटचं पान उघडलं, बासष्ट हजारांची चौकट समोर आहे. खरा आकडा काय लिहायचा तेही आता माहीत आहे.

दुरुस्ती करायची राहिली आहे.