म्हाताऱ्याची बाजू

सुमैरा मॅडम शिकवायच्या चांगलं, पण एक खोड होती. इंग्रजी धड्यातलं माणूस मुलांच्या डोक्यात शिरेना, की त्या विचारायच्या, "असं माणूस तुमच्या गावात कोण आहे, सांगा बरं." मग वर्ग जागा व्हायचा. नववीला दोन गोष्टी शेजारी ठेवून त्यातल्या माणसांची तुलना करायची होती. एकीत शेजाऱ्यांचं पाणी आपल्या मळ्यात वळवणारा जमीनदार म्हातारा, दुसरीत स्वतःची विहीर गावाला मोकळी करणारी विधवा. म्हाताऱ्यासारखं गावात कोण, असं विचारल्याबरोबर अख्खा वर्ग म्हणाला, "आप्पासाहेब." झालं, तेव्हापासून त्या इंग्रज म्हाताऱ्याचं वर्गात हेच नाव पडलं.

आता आप्पासाहेब म्हणजे शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नव्यानं नेमणूक. जूनमध्ये त्यांना पुन्हा घ्यायचं की नाही, हे आप्पासाहेबांच्या हातात, आणि श्रीरामपुरातलं मॅडमचं घर याच नोकरीवर चाललेलं. सही करण्याआधी एकदा तास बघू म्हणून साहेब न कळवता आले आणि मागच्या बाकावर बसले. मॅडमनी घाईघाईने विधवेचा विषय काढला, पण निकितानं म्हाताऱ्यावरचं भाषण पाठ करून आणलं होतं. ती उठली आणि खाडखाड इंग्रजीत सुरू झाली. इंग्रजी कळो न कळो, स्वतःचं नाव कुणालाही कळतं. दर वाक्याला आपलं नाव ऐकून आप्पासाहेब खुलत चालले. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, की पोरगी आपल्याबद्दल म्हणतेय तरी काय.

"पाण्याबद्दल बोलतेय, साहेब," मॅडम म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं. पण निकिता पडली सरळ.

"आप्पा, त्यो म्हातारा दुसऱ्याच्या पाळीचं पाणी वळवून घेतो. तुमी बी घेता. एवढीच तुलना हाय."

मॅडमना आपली श्रीरामपूरची एसटी दिसायला लागली, तीही कायमची परतीची. आप्पासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"त्या म्हाताऱ्याचं रान पाटाच्या हेडला, तोंडाशी हुतं, का टेलला, पार शेवटाला?"

पुस्तकात तसं काही दिलेलं नाही, असं मॅडमनी चाचरत सांगितलं.

"मंग लेखकानं अर्धीच गोष्ट लिव्हली. आमच्यासारख्या टेलच्या मानसापत्तुर पानी पोचतंय कुठं? वरचे वरच पिऊन टाकत्यात. आन ती बाई? घरची विहीर हाय तिला, दिलं चार हंडे तर तिचं काय गेलं? तिला पाटावर आना, मंग करा तुलना."

मॅडम भीती विसरल्या. इतकी वर्षं तुलना शिकवली, पण म्हाताऱ्याची बाजू कुणी घेतलीच नव्हती. बघता बघता वर्गात दोन तट पडले. हेडकडची मुलं म्हाताऱ्यावर तुटून पडली, टेलकडची त्याच्यासाठी भांडायला लागली, आणि घंटा झाली तरी कुणी जागचं हलेना. आप्पासाहेब भलतेच खूश झाले. त्यांनी तिथेच बाकावर कागद ठेवून मॅडमच्या ऑर्डरवर सही ठोकली. अट फक्त एक घातली: उद्यापासून गोष्टीतल्या म्हाताऱ्याला गोरक्षनाथ म्हणायचं, कारण आपल्या गावात हेडला बसून सगळं पाणी तोच पितो. मॅडमना काय, सही मिळाल्याचा आनंद झालेला. त्यांनी लगेच फळ्यावर मोठ्या अक्षरात नाव बदलून टाकलं.

ऑर्डर घेऊन त्या ऑफिसात गेल्या. अंगद क्लार्कनं ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, की अजून संस्थेच्या सचिवांची सही लागेल.

"सचिव कोण आहेत?"

"गोरक्षनाथभाऊ. अध्यक्ष तासाला बसले हे त्यास्नी कळलंय. म्हनले, उद्या मी बी बसतो."

मॅडम आल्या पावली वर्गात परतल्या, फळा पुसला आणि जाहीर केलं, की उद्या म्हातारा नाही, विधवा नाही, उद्या कविता. माळावरच्या फुलांची कविता, तिच्यात औषधालासुद्धा माणूस नाही. वर्गानं निमूट माना डोलावल्या. फक्त टेलकडच्या मच्छिंद्रानं हात वर केला.

"मॅडम, त्या फुलांना पानी कुनाच्या पाळीचं?"