बनूबाईने अडवलेली सही

उल्हासनगरच्या एका फर्निचरवाल्याच्या टेंपोने शिवरामची सायकल उडवली, त्याला अठरा दिवस झाले होते. चामटोलीच्या घरी तो मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घेऊन पडला होता आणि समोर विमा कंपनीचे दिनानाथसाहेब बसले होते. साहेबांची जीभ इतकी गोड, की बिनसाखरेचा चहाही त्यांना चालला असता.

"कोर्टात कशाला खेटे घालता, शिवराम? इथं सही करा, आठवड्यात चेक. फुल अँड फायनल सेटलमेंट!"

शिवरामने पेनाचं टोपण काढलंही. तेवढ्यात चुलीपुढून बनूबाई उठली आणि झडप घालून तिने कागद ओढून घेतला.

"काय म्हनलं तुमी? फुल अँड फायनल?"

बनूबाई चौथी शिकलेली. पण अंबरनाथच्या कारखान्यांवर ज्यांची चूल पेटते, त्यांना हे शब्द शाळेत शिकावे लागत नाहीत. तिच्या भावाने, सदूने, त्याच्या कारखान्यात याच शब्दांखाली सही केली होती. दुसऱ्या दिवशी वॉचमनने त्याला गेटच्या आत घेतलं नाही.

"यांची नोकरी खायला आलाव काय?"

"अहो बाई, नोकरीचा काय संबंध? हे अपघाताचं..."

"सदूला पन असंच गोड बोलले व्हते!"

साहेब अर्धा चहा टाकून गेले. शिवरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चालून आलेला चेक बायकोने पिटाळला होता आणि उठून तिच्याशी भांडायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बनूबाईने कागद घेऊन अंबरनाथ पूर्वेला युनियनच्या बाळाजीचं घर गाठलं. बाळाजीला वाचण्याआधी घोषणा सुचायच्या. दुपारपर्यंत शिवरामच्या कारखान्याच्या गेटवर चाळीस कामगार "शिवरामला कामावर घ्या!" म्हणून ओरडत होते. मॅनेजर धावत बाहेर आले.

"अरे, पण त्याला काढलंय कुणी?"

बाळाजीने तेव्हा कुठे कागद उघडला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. तो तडक युनियनच्या वकील वृंदाताईंच्या ऑफिसात गेला. ताईंनी कागद दोनदा वाचला.

"ही सही कुणी अडवली?"

"शिवरामच्या बायकोनं. अडाणी आहे हो ताई, माफ करा."

"अडाणी? बाळाजी, हाड नीट जुळतंय का ते अजून डॉक्टरलाही माहीत नाही. आत्ता सही केली असती, तर उद्या पाय वाकला नाही तरी एक पैसा मागता आला नसता. भरपाई एकदाच मिळते. आधी प्लास्टर निघू दे, डॉक्टरचा दाखला येऊ दे, मग तडजोडीचं बोलू. त्या बाईला माझा नमस्कार सांग."

प्लास्टर निघालं आणि गुडघा वाकेना. पुन्हा ऑपरेशन, मग महिनोन्महिने व्यायाम. वृंदाताईंनी दावा लावला आणि शेवटी तडजोड झाली, तिच्यात ऑपरेशनचा खर्चही आला आणि बुडालेला पगारही. सहीच्या दिवशी बनूबाईला मात्र सगळ्यांनी मिळून घरीच ठेवलं.

शिवराम पुन्हा कामावर निघाला, त्या सकाळी बनूबाई ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बगा, वाचवली का नाय तुमची नोकरी?"

शिवरामला आपल्या तेव्हाच्या लाजेचीच लाज वाटली. बायकोचा त्याला फार अभिमान वाटत होता. पण खरं काय ते सांगायलाच हवं, असंही वाटलं.

"अगं, तो कागद नोकरीचा नव्हताच. पायाचा होता."

"मंग? पाय वाकला नसता तर मशिनीफुडं काय डोक्यावर उभं ऱ्हानार व्हते?"

शिवरामने गुडघा वाकवून डबा उचलला.